मदत हवी आहे: १० बाय ९ च्या खोलीसाठी सीडी आणि कॅसेट एकत्र वाजवणारा सेट

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मुक्काम लातूर. वडिलांच्या झोपायच्या खोलीत सीडी आणि कॅसेट दोन्ही वाजवणारा एकच सेट ठेवायचा आहे. खोली १० बाय ९ फूट, वर पत्रे. पलंगाच्या उशाशी दीड फूट रुंद कडप्प्याचा कट्टा आहे आणि त्याच्यावर एक फुटावर फळी. कॅसेट साठेक, निम्म्या भजन-कीर्तनाच्या घरी भरलेल्या, बाकी विकतच्या. सीडी तीस-चाळीस, काहींत एमपी-थ्री आहेत. आवाज मोठा नको, स्वच्छ हवा. इथल्या गंजगोलाई बाजारात चौकशी केली तर ब्लूटूथ स्पीकरच पुढे करतात. नवा घ्यावा की जुना दुरुस्त केलेला? किती वॉटचा? आणि घेताना काय तपासायचं?

तारषड्ज
वॉटचं आधी मिटवतो. एवढ्या खोलीला प्रत्येक बाजूला २ ते ५ वॉट आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) भरपूर झाले. खोक्यावरचा 'पीएमपीओ'चा फुगवलेला आकडा वाचूच नका, त्यावरून काहीच कळत नाही.

झोपायच्या खोलीत आवाज किती मोठा होतो यापेक्षा सेट गप्प असताना किती गप्प राहतो हे महत्त्वाचं. दुकानात पंखा बंद करायला सांगा, आवाज शून्यावर आणा आणि स्पीकरला कान लावा. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तिथे जरा जरी आली तरी रात्री उशाशी ती छळणार. घरी स्क्वेअर वेव्ह (साधा, स्वस्त प्रकारचा) इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर ही गुणगुण आणखी वाढते. लोडशेडिंग असेल तर सेलवर चालणारा सेट बघा, पण सेल कोणते लागतात ते विचारून घ्या. टॉर्चचे मोठे सेल कुठेही मिळतात, मधल्या आकाराचे शोधावे लागतात.

तुमची फळी फक्त एक फुटावर आहे. वरून झाकण उघडणारा सेट घेतला तर सीडी घालताना झाकण फळीला लागेल. सेटची उंची अधिक झाकणाची उंची मोजूनच घ्या. मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा आणि अगदी कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात खालचे सूर घुमतात आणि कीर्तनातले शब्द त्यात बुडतात.

बालाघाट
दादा, वॉट आणि दिसणं बाजूला ठेवा. अशा एकत्र सेटमध्ये सीडीची बाजू बहुतेकदा बरी असते, मार खाते ती कॅसेटची. आज नवे मिळणारे बहुतेक स्वस्त सेट जवळपास एकाच साध्या मेकॅनिझमवर बनतात: हलकं फ्लायव्हील (वेग एकसारखा ठेवणारं चाक), लहान मोटर. त्यामुळे फीत एकसारख्या वेगाने सरकत नाही. पखवाज-टाळात हे कळत नाही, लांबलेल्या सुरात लगेच कळतं. म्हणून दुकानात जाताना पेटीचा किंवा तंबोऱ्याचा लांब सूर असलेली ओळखीची कॅसेट बरोबर न्या. सूर थरथरला तर तो सेट तिथेच ठेवा.

वेगही बघा. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. ६ टक्के जोरात फिरली की सा जवळजवळ कोमल रे वर जातो. वेग एकसारखा पण कमी-जास्त असेल तर घाबरू नका. बऱ्याच मोटरींच्या मागे बारीक छिद्र असतं, आतला स्क्रू प्लास्टिकच्या बारीक पेचकसाने किंचित फिरवला की वेग जुळतो. थरथर मात्र अशी जात नाही.

आणखी दोन गोष्टी. हेडफोन लावून कॅसेट दोन्ही कानांत वेगवेगळी वाजते का ते तपासा. खोक्यावर 'स्टिरिओ' असलं तरी कॅसेटचं हेड (फीत वाचणारा भाग) मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज देणारं, असलेले सेट बरेच आहेत. दुसरं, रिवाइंड शेवटापर्यंत जाऊ द्या. फीत संपल्यावर बटण आपोआप उठलं नाही तर मोटर ओढतच राहते, आणि ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत आधीच पातळ असते. वडील झोपून ऐकणार, म्हणजे हे बटण उठायलाच हवं.

पत्र्याखाली
जुन्याचा विचार करत असाल तर सोनीचे सीएफडी किंवा पॅनासॉनिकचे आरएक्स-ईडी प्रकारचे सेट बघण्यासारखे आहेत, मेकॅनिझम दणकट. पण 'चालू आहे' एवढ्यावर घेऊ नका. रबरी बेल्ट वर्षानुवर्षं पडून ढिले होतात, काही तर वितळून पुलीला डांबरासारखे चिकटतात. बेल्ट आणि पिंच रोलर (फीत दाबून ओढणारं रबरी चाक) बदललाय का, हे विचारा. सीडीची लेन्स कमजोर झाली असेल तर छापील सीडी वाजते पण घरी भरलेली अडते. म्हणून घरी भरलेली, पूर्ण भरलेली सीडी न्या आणि शेवटचं गाणं लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे लेन्स सरकवणाऱ्या गाडीची खरी परीक्षा शेवटीच होते. एमपी-थ्रीची सीडी तर नक्की लावून बघा, पुष्कळ जुने सेट ती वाचतच नाहीत.

परदेशातून आलेला सेट असेल तर मागची पट्टी वाचा. जपानी सेट १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर थेट लावला की जळणार. त्यातल्या जुन्यांचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झपर्यंतच, म्हणजे आपली बहुतेक केंद्रं लागणारच नाहीत.

मांजराकाठ
खूप आभार. आता जुन्याकडेच कल आहे. एक अडचण अजून: शेजारच्यांच्या डेकवर लावून बघितल्या तर घरी भरलेल्या सात-आठ कॅसेटचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा येतो. विकतच्या स्वच्छ वाजतात. फीत खराब झाली का?

बालाघाट
लगेच तसं समजू नका. कॅसेट उभी धरा आणि उघड्या तोंडाच्या मधोमध बघा. फितीच्या मागे तांबूस पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढा नमद्याचा तुकडा दिसायला हवा. तो फितीला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद उन्हाळ्यात सुकतो आणि तुकडा गळून पडतो, मग वरचे सूर जातात.

तुकडा नसेल तर पाच स्क्रूची टाकाऊ कॅसेट घ्या. दोन्ही आडव्या ठेवून उघडा, वरचा अर्धा भाग सरळ उचला. टाकाऊतली पट्टी काढून त्याच खाचेत बसवा. फीत पट्टीच्या पुढून आणि दोन्ही कोपऱ्यांच्या चाकांवरून गेली पाहिजे. स्क्रू बेताने आवळा, जास्त आवळले की चक्र अडतं. स्क्रू नसलेली, चिकटवलेली कॅसेट असेल तर शिवणीत पातळ पातं घालून उघडा आणि दोन्ही चकत्या फितीसकट स्क्रूवाल्या कव्हरात हलवा.

तुकडा जागेवर असूनही आवाज दबका असेल, तर ती भरली तेव्हाच्या टेपचं हेड वेगळ्या कोनात होतं. हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू किंचित फिरवला की आवाज उघडतो. आधी पेनाने मूळ जागेची खूण करा, नाहीतर विकतच्या कॅसेट दबक्या येतील.

तारषड्ज
बालाघाट म्हणतात ते बरोबर. त्यात एवढंच घालतो: घरी भरलेल्या कॅसेट दुसरीकडे मिळणार नाहीत, म्हणून सेट आल्यावर आधी त्यांच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडा. अंधारात चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी कीर्तन पुसलं जाणार नाही. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट वाजवण्याआधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती लावूच नका, हेड आणि रोलरवरून बाकीच्यांना लागते.

दर २०-२५ तास वाजवल्यावर हेड, कॅप्स्टन (रोलरसमोरचा फिरता बारीक दांडा) आणि रोलर कापसाच्या काडीने पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, सॅनिटायझर नको. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर हेडवर बसतो. काडीला तपकिरी रंग लागायचा थांबेपर्यंत पुसत राहा. आणि पत्र्याखालची खोली मे महिन्यात भट्टी होते, तेव्हा कॅसेट वरच्या फळीवर न ठेवता कपाटात खालच्या कप्प्यात उभ्या ठेवा.

मांजराकाठ
बघितलं. आठपैकी पाच कॅसेटमध्ये तो तुकडाच नाही, दोन तर खोक्याच्या तळाशी पडलेले सापडले. टाकाऊ कॅसेट जमवायला लागलो आहे. रविवारी जुने सेट बघायला जातो, पेटीची कॅसेट आणि भरलेली सीडी दोन्ही पिशवीत टाकली आहेत.