नजर बघून खोटं कळतं म्हणे!

शनिवारपेठी:
काल इथे एका निवृत्त फौजदारांनी लिहिलं, ‘आयुष्य खाकीत गेलेल्या माणसाला समोरच्याची नजर बघितली की खोटं कळतं, त्याला मानसशास्त्राची पुस्तकं लागत नाहीत.’ डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के बरोबर निघाली. छापा-काटा केला तरी ५० येतात. मेसनर आणि कॅसिन यांना २००२ मध्ये आढळलं की प्रशिक्षण आणि अनुभवाने अचूकपणा वाढत नाही, समोरचा खोटंच बोलतोय हा ग्रह मात्र वाढतो.

भावाच्या दुकानात गल्ल्यातले पैसे गेले, तेव्हा चौकीत नेलं हाताखालच्या पोराला. का, तर ‘नजर वर करत नाही’. अहो, तो पोरगा मोठ्या माणसांसमोर कायम मान खाली घालूनच उभा राहतो! नंतर सीसीटीव्हीत भलताच माणूस दिसला. पोरगा पुन्हा कामावर आला नाही.

निवृत्त_फौजदार:
लिहिणारा मीच. असल्या अभ्यासांत कॉलेजच्या मुलांना खोटं बोलायला लावायचं आणि निष्कर्ष आमच्या माथी मारायचा? खुनाच्या आरोपीच्या जिवावर बेतलेलं असतं. इंग्लंडमधल्या केंटच्या पोलिसांना खऱ्या चौकशीची चित्रफीत दाखवली तेव्हा ते ६५ टक्क्यांच्या आसपास बरोबर आले. २००४ चा अभ्यास आहे. तो बरा सोडलात!

शनिवारपेठी:
६५ मान्य. पण त्याच अभ्यासात नजर चुकवणं, चुळबूळ यांवर विसंबणारे पोलीस जास्त चुकले, ते तुम्ही सोडलंत.

कोथरूडची_मीना:
नजर राहू द्या, आधी तक्रार लिहून घ्या. पीएमपीच्या बसमध्ये माझा मोबाइल मारला. चौकीत म्हणाले, ‘चोरी कशाला, गहाळ लिहा, सिम लगेच मिळेल.’ ब्लेडने कापलेली पर्स टेबलावर ठेवली होती मी! आरपार बोटं घालून दाखवली.

हडपसरकर:
अगदी! मला तर हद्दच विचारत बसले. स्वारगेट ते हडपसर मोबाइल नक्की कुठे गेला हे मला कसं कळणार?

निवृत्त_फौजदार:
गुन्ह्यांचा आकडा चढला की वरून विचारणा होते, ती आम्हीच झेलायची. गणपतीचा बंदोबस्त करून तपासाला बसून बघा एकदा.

कोथरूडची_मीना:
म्हणजे तुमचा आकडा सांभाळायला मी खोटं लिहून द्यायचं? काका, हे कुणाच्या नजरेत दिसतं?

वकील_नारायणपेठ:
जरा मूळ विषयावर या. २००८ मध्ये पुण्याच्याच सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनात दोषी धरताना मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. उच्च न्यायालयाने पुढे तिला जामीन दिला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ही चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. यंत्राला ही अट, मग फौजदारसाहेबांच्या नजरेला काहीच नको? इंग्लंडमध्ये गिल्डफर्डच्या बॉम्बस्फोटात निर्दोष चौघे पोलिसांनी घेतलेल्या कबुलीवर आत गेले आणि १९८९ मध्ये सुटले. तिथे १९९२ पासून चौकशीची ‘पीस’ पद्धत आली: आरोपीला आधी सलग बोलू द्यायचं, मग हाती असलेल्या पुराव्याशी ताडायचं. आपल्याकडेही चौकशीचं रेकॉर्डिंग पहिल्या प्रश्नापासून हवं.

निवृत्त_फौजदार:
रेकॉर्डिंगला माझी ना नाही. उद्या आरोपी कोर्टात ‘मारून कबूल करवलं’ म्हणाला तर आम्हालाच उपयोग. पण अनुभव कवडीमोल आहे, हे मरेपर्यंत मान्य करणार नाही.

शनिवारपेठी:
अनुभवाने कुठे शोधायचं ते सुचतं, एवढं मी मानतो. त्यावर माणूस डांबायचा नाही.

कोथरूडची_मीना:
माझ्या मोबाइलचं काय?

वकील_नारायणपेठ:
ताई, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम १७३ बघा. चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असो, घ्यावीच लागते. नाही घेतली तर उपायुक्तांकडे लेखी अर्ज पोस्टाने पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. पर्स फेकू नका, आणि ‘गहाळ’च्या दाखल्याची झेरॉक्स जोडा.