साडेआठ हजारांचा फ्रेटलेस बास: ठिपक्यावर बोट ठेवूनही सूर उतरतोय

खर्जवाला:
मंडळी, बारा वर्षं ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतोय, पण फ्रेटवालाच, म्हणजे दांड्यावर सुरांच्या जागी धातूच्या आडव्या पट्ट्या असलेला. गेल्या रविवारी कोल्हापुरात एका कॉलेजच्या मुलाकडून जुना फ्रेटलेस घेतला, साडेआठ हजारांना. कंपनीचं नाव नाही, बोर्डवर रेघा नाहीत, नुसतं काळपट लाकूड आणि कडेला पांढरे ठिपके. भजनाच्या साथीला मींड घेता यावी ही जुनी इच्छा. घरी आल्यावर ए तारेवर सीपासून डीपर्यंत बोट सरकवलं, तर तो सूर असा फुलत वर गेला की बायको पोळी तव्यावर ठेवून बाहेर आली.

पण पेटीबरोबर बसलो की सगळं उतरलेलं. मोकळ्या तारा ट्यूनरवर चोख. बोट बरोबर ठिपक्यावर, तरी सूर खाली, आणि सगळीकडे सारखाच: अर्ध्या सुराच्या साधारण निम्म्याने. दुरुस्तीवाले म्हणाले नेक (दांडा) वाकलाय, पैसे गेले. मन मानत नाही. काय तपासू?

जाडीतार:
दादा, नेक वाकला असता तर सगळीकडे सारखा उतरला नसता. ठिपके बघा. फ्रेटवाल्या बासवर ते दोन फ्रेटच्या मधे असतात आणि सूर फ्रेटवर बनतो. तुमच्या नेकवर ते तसेच मधे ठोकलेले दिसतात.

खात्री करा. जी तारेला बाराव्या फ्रेटच्या ठिपक्याच्या आसपास बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडा. हार्मोनिक, म्हणजे तो घंटेसारखा बारीक सूर, जिथे सर्वात स्वच्छ वाजेल तिथे सप्तक. 34 इंची स्केलवर (वाजणाऱ्या तारेची लांबी) ती जागा ठिपक्यापासून ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या बाजूला सुमारे 13 मिलिमीटर निघेल. तिसऱ्या फ्रेटच्या ठिपक्याशी हाच फरक 2 सेंटीमीटरच्या वर जातो. फ्रेटवर सूर नेमका लागतो; फेंडर कंपनीने 1951 साली फ्रेटवाल्या बासला 'प्रिसिजन' (अचूकता) नाव दिलं ते उगाच नाही.

सांगलीकर_ताई:
तारा कुठल्या आहेत? राउंडवाउंड (गोल तारेचा खरबरीत वेढा असलेल्या) असतील तर फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेढ्याच्या) चढवा, नाहीतर लाकूड खरवडून निघेल. फ्रेटलेससाठी गाजलेला अमेरिकन बासवादक जॅको पास्टोरियस राउंडवाउंड वाजवायचा, पण त्याच्या 1962 च्या फेंडर जॅझ बासच्या बोर्डवर होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचा (कडक होणाऱ्या राळेचा) थर होता. आणि कंपन देताना तार आडवी ओढू नका. व्हायोलिनसारखं बोट तारेच्या लांबीवर डोलवा.

खर्जवाला:
जाडीतार, तुमचे उपकार! पट्टी लावून मोजलं, 13 ला एखादा केस कमी. बाराही जागा काढून कडेला कागदी टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. काल रात्री तानपुरा लावून दोन तास बसलो, सा डीमध्ये. पंचम लागला तेव्हा बासचं लाकूड पोटाला थरथरत होतं. ताई, फ्लॅटवाउंड मागवल्या, बासच्या निम्म्या किमतीला पडल्या.

एकच अडतंय. तानपुऱ्यावर जुळवलेला गंधार पेटीबरोबर किंचित कमी वाटतो.

सांगलीकर_ताई:
तो कमीच आहे, कानाचा दोष नाही. पेटीचा गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा जरासा चढा असतो. रियाज तानपुऱ्यावरच करा, साथीला पेटी असेल तेव्हा बोट चार-पाच मिलिमीटर ब्रिजकडे पुढे घ्या. फ्रेटवाल्या बासवर ही सोय नाही.