अंड्यांची टरफलं पातळ येतायत, तिसऱ्यांच्या शिंपल्या घालू का?

डिचोलीची_बाय:
नमस्कार, घरामागे 20 कोंबड्या आहेत, 14 अंड्यावर आणि 6 तलंगा (अजून अंडी न घालणाऱ्या कोवळ्या कोंबड्या). मे लागल्यापासून टरफल इतकं पातळ येतंय की उचलताना बोट आत जातं, परवा तर खुराड्यात नुसत्या पापुद्र्याचं अंडं मिळालं. लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) महाग पडतं म्हणून मी निम्मं मॅश नि निम्मा कोंडा-कण्या असं देते, सकाळी उरलेली पेज. सासूबाई म्हणतात पूर्वी तिसऱ्यांच्या (खाडीत मिळणाऱ्या कवचाच्या मासळीच्या) शिंपल्या कुटून घालायचे, शेजारचे म्हणतात पानाचा चुना पाण्यात घाल. नेमकं काय करू? आणि सगळ्यांना एकाच भांड्यात घातलं तर तलंगांना चालेल ना?

वाळपईकर:
बाय, चुना नको, कृपा करून नको. शिंपल्या भट्टीत भाजूनही चुना करतात म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतं, पण भाजल्यावर तो तीव्र होतो, तोंड-घसा पोळतो. मी एका उन्हाळ्यात पाण्यात कालवला होता, कोंबड्यांनी पाणी पिणंच सोडलं आणि त्या उकाड्यात दोन गेल्या, अजून वाईट वाटतं.
आता हिशोब बघा. एका टरफलात 2 ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते, लेयर मॅशमध्ये कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के, म्हंजे पोटात 4 ग्रॅम जातं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास अंगी लागतं. तुम्ही मॅश निम्मं केलंत तर मिळतं 2 ग्रॅम, अंगी लागतं 1, मग उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते. असं महिनोन् महिने चाललं की पाय लुळे पडतात आणि कोंबडी बसते ती उठतच नाही. कोंड्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, वर त्यातला फॉस्फरस कोंबडीला नीट वापरता येत नाही आणि तो कॅल्शियमला धरून ठेवतो. कोंडा कमी करा, पेज मूठभरच.

मांद्रेचा_भाऊ:
सासूबाईंचं बरोबर आहे! आमच्याकडे तिसऱ्या, खुबे काही टाकत नाही. शिंपल्या गोड्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या म्हंजे मीठ जातं (मीठ जास्त झालं की शीट पातळ होते नि टरफलही बिघडतं), मग उकळून उन्हात वाळवायच्या आणि पाट्यावर जाड कुटायच्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, पीठ करायचं नाही. कारण टरफल तयार व्हायला 20 तास लागतात आणि त्यातलं बरंच काम रात्री होतं, तेव्हा पोट रिकामं असतं. जाड तुकडा पोटात हळूहळू विरघळतो, रात्रभर पुरतो. म्हणून संध्याकाळी चार-पाचला ठेवायच्या. अंड्यांची टरफलं पण चालतात, फक्त भाजून बारीक चुरा करा, अख्खी दिसली तर अंडी फोडून खायची सवय लागते.

वाळपईकर:
हो, आणि शिंपल्या खाद्यात मिसळू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यावरची कोंबडी स्वतः मागून खाते, तलंगा फारशा तोंड लावत नाहीत. तलंगांना लेयर मॅश मात्र नको, त्यांना 1 टक्का कॅल्शियम पुरतं, जास्त झालं तर मूत्रपिंडं खराब होतात. वेगळं करणं जमत नसेल तर सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं) खाद्य द्या आणि शिंपल्या बाजूला.

पोंड्याहून_एक:
उन्हाकडे पण बघा हं. मेमध्ये कोंबडी तोंड उघडून धापा टाकते तेव्हा श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातला बायकार्बोनेट कमी होतो नि टरफलाला तोच लागतो, त्यात भूकही मरते. सावली, थंड पाणी, खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर. पावसात खुराड्यात कोंडून ठेवता तेव्हा ऊन मिळत नाही, मग डी-3 जीवनसत्त्व खाद्यातूनच जायला हवं, ते नसेल तर कितीही शिंपल्या घाला, अंगी लागत नाहीत. आणि एकदम सगळ्यांचीच अंडी कमी झाली, शिंका-घरघर असेल तर तो रोग, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

डिचोलीची_बाय:
दोन आठवड्यांनी लिहितेय. तलंगांना जाळी लावून वेगळं केलं, मोठ्यांचा कोंडा बंद केला, पाच वाजता करवंटीत शिंपल्या ठेवते. पहिले चार दिवस तुटून पडल्या, आता नेमकंच टिपतात. काल 9 अंडी आणि एकही फुटकं नाही. एक म्हातारी अजून पातळच घालते, तिला वयामुळे असेल का?

मांद्रेचा_भाऊ:
हो बाय, वय वाढलं की अंडं मोठं होतं पण टरफलाचा माल तेवढाच, म्हणून पातळ पडतं. शिंपल्या चालू ठेवा, पण तिचं अंडं उबवायला ठेवू नका.