इंटरनेट नसताना मोबाइलवरून मोठ्या चित्रफिती पाठवण्यासाठी कोणते अ‍ॅप निवडावे?

रंगपीठ:
आमची हौशी नाट्यसंस्था आहे. तालमींचे चित्रीकरण निरनिराळ्या सभासदांच्या मोबाइलवर होते आणि रात्री ते सारे एका विंडोज लॅपटॉपवर गोळा करावे लागते. एकेक चित्रफीत कधी कधी तीन-चार जीबीची असते, तालमीच्या सभागृहात रेंज मिळत नाही, आणि मिळाली तरी व्हॉट्सअ‍ॅपवर एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. पूर्वी यासाठी शेअरइट सर्रास वापरले जाई; परंतु जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत शेअरइट आणि झेंडर दोन्ही होती. आमच्यापैकी बहुतेकांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे अँड्रॉइड मोबाइल आहेत आणि दोघांकडे आयफोन आहेत. क्विक शेअर, एअरड्रॉप आणि लोकलसेंड यांपैकी सर्वांना मिळून काय सोयीचे पडेल?

बिनतारी:
अ‍ॅपच्या नावापेक्षा दोन उपकरणांमध्ये जोडणी कशी होते, हे आधी पाहावे. ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २ मेगाबिटच्या आसपास असतो, म्हणजे १ जीबीलाच तासाहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे क्विक शेअर आणि एअरड्रॉप ही दोन्ही ब्लूटूथचा उपयोग जवळचे उपकरण शोधण्यापुरता करतात आणि प्रत्यक्ष फाइल थेट वाय-फायने पाठवतात. त्यासाठी इंटरनेट किंवा राउटर लागत नाही.

अँड्रॉइड ते अँड्रॉइड यासाठी माझे मत निःसंशय क्विक शेअरच्या बाजूने आहे. गूगलने २०२० मध्ये निअरबाय शेअर या नावाने आणलेली सोय जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये विलीन झाली, त्यामुळे ती बहुतेक मोबाइलमध्ये आधीपासूनच असते. विंडोजसाठीही तिचे स्वतंत्र अ‍ॅप आहे. एअरड्रॉप उत्तम आहे, पण ते मुख्यतः अ‍ॅपलच्या उपकरणांपुरते. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर ते चालणार नाही.

मुक्तस्रोत:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र सर्वांसाठी एकच अ‍ॅप हवे असेल तर लोकलसेंड घ्यावे. ते मोफत आणि मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो असे) आहे, त्यात जाहिराती नाहीत, खाते उघडावे लागत नाही, आणि ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक व लिनक्स या सर्वांवर चालते. फाइल कूटबद्ध होऊन जाते आणि बाहेरच्या कोणत्याही सर्व्हरवर पोचत नाही.

त्याची अट एवढीच की सर्व उपकरणे एकाच वाय-फाय जाळ्यात असली पाहिजेत. सभागृहात राउटर नसेल तर एका मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून बाकीचे त्याला जोडावेत. मोबाइल डेटा बंद ठेवला तरी फाइली जातात, किंबहुना तो बंदच ठेवावा, नाहीतर जोडलेला लॅपटॉप त्याच डेटावर स्वतःचे अपडेट उतरवू लागतो. मोबाइलमध्ये सोय असेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवावा, कारण वेगातला खरा फरक अ‍ॅपपेक्षा तिथे पडतो. हॉटेल किंवा महाविद्यालयाच्या सार्वजनिक वाय-फायवर मात्र पुष्कळदा उपकरणे एकमेकांना दिसतच नाहीत, कारण तशी व्यवस्था तिथे मुद्दाम केलेली असते.

जुनी केबल:
एवढ्या मोठ्या फाइलींसाठी बिनतारी मार्गाचा आग्रह का, हे मला समजत नाही. ओटीजी (म्हणजे थेट मोबाइलला जोडता येणारा) पेनड्राइव्ह मोबाइलला लावावा आणि तोच पुढे लॅपटॉपला लावावा. फक्त पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नसावा, कारण त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅट ठेवावे.

बिनतारी:
@जुनी केबल, एकाच मोबाइलमधून काढायचे असेल तर तुमचे म्हणणे योग्य आहे. परंतु अनेक मोबाइलच्या सी-टाइप जोडणीचा वेग आजही यूएसबी २.० इतकाच, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट असतो, आणि चांगले ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय त्याच्या जवळपास जाते. शिवाय एकच पेनड्राइव्ह सर्वांमध्ये फिरवत बसण्यापेक्षा चार जणांनी आपापल्या जागेवरून फाइली पाठवणे सुटसुटीत.

रंगपीठ:
सर्वांचे आभार. आणखी दोन शंका आहेत. काही जुन्या मोबाइलवर अशी अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागतात, ती द्यावी का? आणि शेअरइटची एपीके (म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवण्याची) फाइल इकडून तिकडून मिळवून वापरण्याचा सल्ला एका सभासदाने दिला आहे, तो कितपत योग्य?

मुक्तस्रोत:
जुन्या अँड्रॉइडमध्ये आसपासची वाय-फाय आणि ब्लूटूथ उपकरणे शोधण्यासाठी लोकेशनची परवानगी लागतच असे, त्यामुळे तेवढ्यावरून शंका घेऊ नये. संपर्कयादी किंवा संदेश वाचण्याची परवानगी मागितली तर मात्र शंका अवश्य घ्यावी. एपीकेचा सल्ला मानू नये. शेअरइटच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये गंभीर त्रुटी असल्याचे ट्रेंड मायक्रो या सुरक्षा-कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले होते, आणि अनोळखी ठिकाणच्या एपीकेत आणखी काय भरले आहे हे तपासायला आपल्याकडे साधन नसते.

आयफोनवाल्या दोघांना लोकल नेटवर्कची परवानगी द्यायला आणि फाइल जाईपर्यंत लोकलसेंड पडद्यावर उघडे ठेवायला सांगावे. लॅपटॉप यादीत दिसला नाही, तर विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटची नोंद ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ करावी आणि फायरवॉलमध्ये लोकलसेंडला मुभा द्यावी.