अनुभव धागा: पाहुणे संशोधक म्हणून जर्मनीला कसे पोचलात?

ऑक्टोबरात तीन महिन्यांसाठी ग्योटिंगेनला निघालेय. मुंबईहून फ्रँकफुर्टचं थेट विमान घ्यावं की आखातातून जावं, ठरत नाहीये. जाऊन आलेल्यांनी लिहा. व्हिसाबद्दल नको, फक्त घरापासून वसतिगृहापर्यंतचं.

—

मी थेट गेले होते. फ्रँकफुर्ट विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तिथून ग्योटिंगेन साधारण दोन तास. मी हुशारी करून ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट आधीच काढलं आणि विमान झालं तीन तास लेट! ते तिकीट त्या एकाच गाडीला चालतं आणि विमानाचं वेगळं काढलेलं, मग दाद कुणाकडे मागणार? खिडकीवर मुकाट्याने दुसरं घेतलं. विमानाच्या तिकिटाबरोबर 'रेल अँड फ्लाय', म्हणजे विमानाला जोडलेलं रेल्वेचं तिकीट, मिळत असेल तर तेच घे. त्याला गाडीचं बंधन नसतं.

—

माझं काम हॅम्बुर्गला, म्हणून मुंबई-दुबई-हॅम्बुर्ग. फ्रँकफुर्टला उतरून बॅगा ओढत बसावं लागलं नाही. विमानतळावरून एस-1 लोकल पंचवीसेक मिनिटांत शहरात सोडते. गंमत परतताना झाली. ही गाडी ओल्सडॉर्फला तुटते, पुढचे तीन डबे विमानतळाला आणि मागचे पॉपेनब्युटेलला. मी आरामात मागच्या डब्यात! समोरच्या आजींनी माझ्या बॅगा पाहिल्या, खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि जर्मनमध्ये काहीतरी ओरडल्या. शब्द एक कळला नाही, पण उडी मारली.

—

खर्च कोण देणार ते आधी विचारून घ्या. आमचा प्रवास केंद्र सरकारच्या पैशातून, त्यामुळे 2022च्या आदेशाप्रमाणे तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स नाहीतर आयआरसीटीसी या ठरवून दिलेल्या तीन एजन्सींकडूनच. मी मोबाइलवर स्वस्तातलं काढून मोकळा झालो होतो. लेखा विभागाने बिल तीनदा परत पाठवलं. बोर्डिंग पासही जपा, माझा एक विमानातल्या पुस्तकातच राहिला.

—

वेळ असेल तर डॉइचलँड-तिकीट बघा, म्हणजे जर्मनीभर साध्या गाड्या आणि बसना चालणारा महिन्याचा पास. 2023मध्ये 49 युरोंना सुरू झालं, 2026पासून महिना 63. आयसीई या वेगवान गाड्यांना चालत नाही, साध्या गाड्यांनी ग्योटिंगेनला जवळपास दुप्पट वेळ जातो. पण तीन महिने आसपास फिरायला झकास. बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवायचं. मी 12ला कळवलं आणि पुण्यात बसून आणखी एक महिना भरला.

—

रविवारी पोचू नकोस, बाई. दुकानं बंद असतात. स्टेशनातलं एखादं उघडं सापडलं तर नशीब.

आणि तूप नेऊ नकोस. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईने बरणीला तीन पिशव्या गुंडाळून दिल्या होत्या. कस्टमवाल्याने एकेक शांतपणे सोडवली, झाकण उघडून वास घेतला, 'बटर?' म्हणाला आणि टोपलीत टाकली. गोडा मसाला मात्र परत दिला.