स्टॅटिक लिंकऐवजी जुन्या डिस्ट्रोवर बिल्ड
नव्या लिनक्स डिस्ट्रोवर (उबुंटू, डेबियनसारख्या वितरणावर) बांधलेला प्रोग्रॅम जुन्या डिस्ट्रोवर चालवताना 'जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडली नाही' अशी चूक येते. त्यावर सगळं स्टॅटिक लिंक करा, म्हणजे लायब्रऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच भरा, असं सुचवलं जातं; पण ते डेस्कटॉप अ‍ॅपला मानवत नाही. जीलिबसी स्टॅटिक केली की होस्टनेम शोधणं आणि प्लगइन लोड करणं, दोन्ही अडखळतं.

चुकीचं खरं कारण असं की लिंकर (बिल्डच्या शेवटी तुकडे जोडणारं साधन) बिल्ड मशीनवरच्या सिम्बॉलची, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनच्या नावांची, आवृत्ती बायनरीत नोंदवून ठेवतो. जीलिबसी २.३४ मध्ये पीथ्रेड (थ्रेड हाताळणारी लायब्ररी) मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवी आवृत्ती मिळाली. त्यामुळे उबुंटू २२.०४ वर (तिथे २.३५) नेहमीच्या पद्धतीने बांधलेला 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा डेबियन ११ वर (तिथे २.३१) चालत नाही. म्हणून जी सर्वांत जुनी डिस्ट्रो सांभाळायची आहे, तिच्याच कंटेनरमध्ये (त्या डिस्ट्रोच्या फाइली असलेल्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात) बिल्ड करा. कंपायलर नवा हवा असेल तर वेगळा बसवता येतो, फक्त मग सी प्लस प्लसच्या रनटाइम लायब्ररीचीही आवृत्ती तपासावी लागते. पॅकेज बाहेर पाठवण्याआधी ऑब्जडम्प (बायनरीतली माहिती दाखवणारी कमांड) कॅपिटल टी पर्यायासह चालवा आणि जीलिबसीची सर्वांत वरची आवृत्ती कोणती मागितली आहे ते बघा. हे मुख्य फाइलपुरतं नको, सोबतच्या प्रत्येक एसओ फाइलवर (सामायिक लायब्ररीच्या फाइलवर) करा. बाहेरून तयार आणलेल्या लायब्रऱ्या हमखास तिथेच दगा देतात.