मदत हवी आहे: चॅप्सच्या चामड्यावर नक्षी टिकतच नाहीये!!

मोरपिशी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका असतील. मुलीसाठी चिंक्स (घोड्यावर बसताना पँटवरून घालायच्या चामड्याच्या चॅप्सचा एक प्रकार) करायला घेतलेत, पायांचे तुकडे कापून झाले, फ्रिंज (झालर) पण कापली, आता वरच्या योकवर (कमरेजवळचा भाग) फुलं कोरायला बसले तर ठसा मारला की दिसतो आणि चहा ठेवून येईपर्यंत गायब!! बेव्हलरची (रेघेची कड दाबायचा ठसा) तर खूणच राहत नाही, नुसतं दबतं आणि परत फुगून वर येतं. पाणी जास्त लावून बघितलं, कमी लावून बघितलं, मोगरी बदलली, खाली ग्रॅनाईटची लादी आहेच. व्हिडिओत सगळ्यांचं कसं लोण्यात सुरी घातल्यासारखं होतं. शो पुढच्या शनिवारी आहे. कोणी केलंय का हे? काय चुकतंय?

निवांत
चिंक्स म्हणजे नक्की काय हो? मी चायनीजचा धागा समजून उघडला.

टाकेवाला
चामडं कुठलं आहे? किती जाडीचं? व्हेज टॅन (झाडाच्या सालीने कमावलेलं) की क्रोम टॅन (क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं)? हे तीन सांगितल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजपंचे कारभार.

मोरपिशी
चामडं चांगलं आहे, दुकानातूनच घेतलंय, महाग होतं. चॉकलेटी रंगाचं. एकदम मऊ.

टाकेवाला
ताई, रंग नव्हता विचारला. तरी "एकदम मऊ" वाचून माझी पाल चुकचुकली आहे. बिल असेल तर त्यावर काय लिहिलंय ते टाका.

शेरिडनकर
चामडं बिमडं सगळं नंतर, ९० टक्के वेळा घोळ केसिंगमध्ये, म्हणजे चामडं ओलं करून मुरवण्यात असतो. लोक स्पंज फिरवतात आणि लगेच ठोकायला बसतात, मग म्हणतात उठत नाही. नीट वाचा. चामडं दोन्ही बाजूंनी ओलं करायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. सकाळी बाहेर काढून उघडं ठेवायचं. मूळ रंग परत यायला लागला पण गालाला लावल्यावर अजून गार लागतंय, तेव्हा कोरायला घ्यायचं, त्याच्या आधी नाही. ठसा मारल्यावर दाबलेली जागा गडद तपकिरी दिसली तर ओल बरोबर आहे, नाही दिसली तर ते वाळलंय. आणि स्विव्हल नाईफचं (नक्षी कोरायची सुरी) पातं धारेच्या हिरव्या पेस्टवर घासलंय का? धार नसेल तर सुरी ओढताना चामडं गोळा होतं. हे सगळं करा, नक्षी उठलीच पाहिजे.

टाकेवाला
शेरिडनकर, क्रोम टॅन असेल तर वर्षभर पिशवीत ठेवलं तरी काही उठणार नाही. आधी चामडं कळू द्या की.

शेरिडनकर
अहो क्रोमवर पण थोडं उठतं, मी करून बघितलंय.

टाकेवाला
थोडं उठतं आणि परत बसतं. मोरपिशी वर काय वेगळं लिहितायत?

दूरदेशी
माझं स्पष्ट मत, रेडिमेड घ्या. कानपूरहून जगभर खोगिरं, लगामी जातात, चॅप्स पण मिळतील. शनिवारपर्यंत हाताने होणारं काम नाही हे.

मोरपिशी
@दूरदेशी मी टेक्सासात आहे, इथे रेडिमेड ढिगाने मिळतात, तो प्रश्नच नाहीये. पोरगी ४-एच (इथली मुलामुलींची संस्था) मध्ये आहे, तिला आईने केलेलेच घालायचेत. @टाकेवाला बिल सापडलं, त्यावर "चॅप साईड, ४-५ औंस" एवढंच आहे. म्हणजे चॅप्सचंच चामडं आहे ना, मग का होत नाही??

टाकेवाला
झालं. आता एक काम करा, उरलेल्या तुकड्याची कड धारदार ब्लेडने कापा आणि कापलेल्या जागी आत बघा, काय रंग दिसतोय? मध्ये निळसर किंवा राखाडी पट्टा असेल तर क्रोम. व्हेज टॅन आतून तांबूस नाहीतर बिस्किटी दिसतं. दुसरं, पाण्याचा एक थेंब टाका. लगेच पिऊन डाग गडद झाला तर व्हेज असण्याची शक्यता, थेंब तसाच बसून राहिला तर क्रोम नाहीतर वरून फिनिश मारलेलं.

भटकभवानी
जाळून पण कळतं! क्रोमची राख हिरवट येते.

टाकेवाला
कळतं, पण घरात जाळू नका. क्रोमचं चामडं तापवलं तर त्यातल्या क्रोमियमचा घातक प्रकार तयार होऊ शकतो, तो धूर कशाला घ्यायचा. ब्लेडने काम होतंय.

कोल्हापुरी_झटका
मंडळी, या सगळ्यावर उत्तर एकच, आमचं कोल्हापूरचं कातडं. आमच्याकडे कातडं पिशवीसारखं शिवून त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून कमावतात, क्रोम अजिबात नाही. त्यावर ठसा मारा, चप्पल झिजेल पण ठसा जाणार नाही. २०१९ ला जीआय टॅग पण मिळालाय.

बेळगावचा_बापू
टॅग कोल्हापूरला एकट्याला नाही मिळालेला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत त्यात. आमचं बेळगाव पण आहे.

कोल्हापुरी_झटका
बापू, नाव कुणाचं आहे पण? 😄

निवांत
आणि फोटो कुणाचे? जून २०२५ ला मिलानच्या रॅम्पवर प्राडा या फॅशन ब्रँडच्या मॉडेलांच्या पायात होती ती काय होती? आधी नाव पण घेतलं नव्हतं कोल्हापूरचं, इकडे बोंब झाल्यावर मान्य केलं.

टाकेवाला
प्राडाचा धागा वेगळा काढा रे. आणि झटका, कोल्हापुरी कातडं तळव्याचं, जाड आणि कडक, ते पोरीच्या पायाला गुंडाळलं तर तिला गुडघा वाकवता येणार नाही. कातडं उत्तम आहे, जागा चुकीची आहे.

मोरपिशी
कापून बघितलं. मध्ये निळसर राखाडी पट्टा आहे!! थेंब पण तसाच बसलाय वरती. म्हणजे दुकानवाल्याने फसवलं का मला?

टाकेवाला
नाही हो, दुकानवाल्याचं बरोबर आहे. चॅप्सचे पाय मऊ क्रोमचेच करतात, अंगावर पडायला हवेत, घामा-पावसाला टिकायला हवेत. ४-५ औंस म्हणजे दीड ते दोन मिमी, त्याला अगदी योग्य. पण नक्षी पायांवर नसतेच, ती योकवर आणि पट्ट्यावर असते, आणि ते भाग वेगळ्या व्हेज टॅनचे करून वरून शिवतात. तुम्ही सगळं एकाच चामड्यातून कापलंय.
कारण असं की क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं स्प्रिंगसारखं वागतं, ओलं केलं तरी दाबलेलं परत वर येतं. सालीच्या टॅनिनने कमावलेलं ओलं असताना मातीसारखं दबतं आणि वाळताना तोच आकार धरतं. त्यामुळे मोगरी बदलून, पाणी बदलून काही होणार नव्हतं.

शेरिडनकर
मान्य. आता व्हेज टॅन आणा, ७-८ औंस, म्हणजे साधारण ३ मिमी. (एक औंस म्हणजे ०.४ मिमी धरा, चामड्याची जाडी इथे औंसातच सांगतात.) हर्मन ओक किंवा विकेट अँड क्रेग या दोन टॅनरींचं मिळालं तर डोळे मिटून घ्या, दोन्ही एकोणिसाव्या शतकापासून हेच काम करतायत. आणि मग मी वर लिहिलंय तसं केसिंग, आता ते लागू होतं 🙂
एक महत्त्वाचं. योक मापाने कापून मग कोरू नका. ठोकताना चामडं पसरतं, डावा योक उजव्यापेक्षा मोठा होऊन बसेल. चहू बाजूंनी बोटभर जास्त ठेवून कापा, मागच्या बाजूला पॅकिंगची टेप चिकटवा, कोरून वाळलं की मग पॅटर्न ठेवून मापाने कापा.
फुलांचं डिझाईन कुठलं घेतलंय? वायोमिंगच्या शेरिडन गावच्या डॉन किंग यांची जी पद्धत आहे, छोटी फुलं आणि एकमेकांतून गोल गोल फिरणारे देठ, ती दिसायला सुंदर पण आठवड्यात नवख्याकडून होणार नाही. दोन मोठी फुलं आणि चार पानं घ्या, बाकी बास्केटवीव्हच्या (टोपलीच्या विणीसारख्या) ठशाने भरा. बास्केटवीव्हला फक्त पहिली ओळ सरळ लागते, पुढचं आपोआप येतं.

भटकभवानी
बास्केटवीव्ह आपोआप येतं म्हणे! माझं तिरकं होत होत कोपऱ्यात जाऊन पडतं.

शेरिडनकर
पट्टी ठेवून तिरकी रेघ मारून घ्या आधी, त्या रेघेवर ठसा बसवा.

खुरांची_धूळ
नक्षी होईल हो, मला वेगळीच काळजी आहे. पुढे बंद करायला काय लावताय? बकल लावताय का?

मोरपिशी
हो, पुढे छान मोठं रोलर बकल आणलंय चांदीसारखं, मागे नाड्या. त्याचं काय? ते नंतरचं आहे, आधी नक्षी.

खुरांची_धूळ
ताई ते नंतरचं नाही. वेस्टर्न खोगिराला पुढे हॉर्न (मुठीसारखा उभा खुंट) असतो. घोडा उसळला किंवा मुलगी चढता उतरताना पुढे झुकली तर चॅप्सचा पुढचा पट्टा त्या हॉर्नमध्ये अडकतो आणि स्वार तिथेच लटकतो. म्हणून जुन्या पद्धतीत बकल मागे असतं आणि पुढे चामड्याची एक पातळ दोरी बांधतात, झटका बसला की ती तुटते. तुटावी म्हणूनच ती पातळ ठेवतात. चांदीचं बकल मागे लावा, तिथेही छान दिसेल.

दूरदेशी
हेल्मेट घालते ना मुलगी?

मोरपिशी
घालते हो काका. @खुरांची_धूळ हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, पॅटर्नवर पण नव्हतं. बकल मागे घेतेय. दोरी किती पातळ?

खुरांची_धूळ
हाताने जोरात हिसका दिला तर तुटली पाहिजे. तुम्हाला तुटत नसेल तर अजून बारीक करा. पॅराकॉर्ड, बुटाची नायलॉनची नाडी असलं काही बांधू नका, ते तुटत नाही.

निवांत
माझा प्रश्न राहिला. चिंक्स म्हणजे काय?

खुरांची_धूळ
गुडघ्याच्या जरा खाली संपणारे आखूड चॅप्स, खाली आणि बाहेरच्या बाजूला झालर. उन्हाळ्यात बरे पडतात. पायाला घट्ट, घोट्यापर्यंत जाणारे ते शॉटगन. रुंद, पंखासारखे फडफडणारे ते बॅटविंग. थंड मुलखात केस न काढलेल्या कातड्याचे वुलीज घालतात.

गुलटेकडी
पुण्यात रायडिंग क्लबला जातो, तिथे सगळे हाफ चॅप्स (फक्त गुडघ्याखालचे) घालतात. पुण्यात कोणी मापाने शिवून देतं का? माझ्या पोटऱ्या जाड आहेत.

सातपुड्याचा_वारा
सारंगखेड्याला दत्तजयंतीला या, तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे घोड्याच्या साजाची दुकानं असतात, मोरक्या, लगामी, गोंडे, काय पाहिजे ते.

गुलटेकडी
गोंडे नकोत भाऊ, हाफ चॅप्स पाहिजेत.

मोरपिशी
अपडेट. व्हेज टॅनचा तुकडा आणला, रात्रभर पिशवीत ठेवला, आज सकाळी कोरलं. ठसा बसला आणि गडद पण दिसतोय!! फूल अजून कोबीसारखं दिसतंय पण आहे तिथे आहे. आता हे क्रोमच्या पायांवर शिवायचं कसं, मशीनवर जाईल का? घरची साधी मशीन आहे.

टाकेवाला
घरच्या मशीनवर नको, सुई मोडेल आणि मशीनचं टायमिंग पण जाईल. दोन सुया, एक मेणाचा दोरा, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जाणारा खोगिराचा टाका. आधी चाकाने इंचाला सहा खुणा करा, आरी सरळ धरून भोकं पाडा. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो, मशीनचा टाका तसा नसतो. सगळं एकदम जुळवून बसू नका, आधी कडेला पातळ थर गोंद लावा म्हणजे सरकत नाही. रंग आणि तेल शिवायच्या आधी, कारण शिवल्यावर रंग क्रोमवर पसरेल.

शेरिडनकर
तेल म्हणजे शुद्ध नीट्सफूट (गुरांच्या पायांच्या हाडांचं तेल), अगदी हलका एक हात. जास्त लावलं तर नक्षी मऊ पडते.

भटकभवानी
मी खोबरेल लावते, मस्त चमकतं.

टाकेवाला
खोबरेल थंडीत गोठतं, पांढरं दिसेल. टेक्सासात पण थंडी पडते.

भटकभवानी
माझ्या बॅगेचं दोन पावसाळे काही झालं नाहीये.

टाकेवाला
बॅग घोड्यावर बसत नाही.

मोरपिशी
नीट्सफूट मागवते. फ्रिंज कापलीये ती टोकाला वळते आहे, ते सरळ कसं करायचं?

गुलटेकडी
हाफ चॅप्सचं कोणाला माहीत असेल तर व्यनि करा प्लीज.